टर्की कोणाची

बोईसी शहर जानेवारीच्या बर्फाखाली गाडलं गेलं होतं आणि कोरीनला विमानतळावर घाम फुटला होता. विमानाची भीती होतीच, पण ती पुढची. सध्या भीती होती लोकांची. बाबागाडी दिसली की लोक कौतुकानं वाकून बघत. आत बाळाऐवजी लंगोट बांधलेली, निळसर डोक्याची, चांगली भरल्या अंगाची टर्की कोंबडी बघून दचकत, मग हसत, आणि हसून झालं की खिशातून फोन काढत. फोन वर आला की कोरीन स्वेटरची टोपी पुढे ओढून खाली मान घाली.

टर्कीचं नाव बर्था. घटस्फोटानंतर बहिणीच्या फार्मवर अंड्यातून बाहेर आली ती थेट कोरीनच्या मांडीवर येऊन बसली, आणि वाढून एवढी धोंड झाली तरी उतरायला तयार नव्हती. ती मांडीवर बसली की तिच्या वजनाने कोरीनची छाती सैल पडे, श्वास पोटापर्यंत पोचे. गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते ह्या पाखराने केलं. डॉक्टरांनीही मान्य केलं आणि विमान कंपनीला तसं लिहून दिलं. त्या वर्षांत अमेरिकेत हे चालत होतं. कोणी बदक नेई, कोणी डुक्कर, आणि विमानवाले कपाळावर आठ्या घालून वाट देत.

पण कोरीनला हे सगळं कोणाच्या नजरेत येऊन परवडणारं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नदीच्या पुलावर, भर रहदारीत, तिचे हात स्टिअरिंगला चिकटून बसले. गाडी जागच्या जागी थांबली, मागचे हॉर्न मारू लागले आणि मागच्या सीटवर चार वर्षांची मॅरेन "मम्मी, चल ना" म्हणत रडत होती. पोलिसांनी दार उघडून दोघींना बाहेर काढलं. घटस्फोटात त्या पुलाचंच भांडवल झालं. मॅरेन नवऱ्याकडे, म्हणजे ब्रेंटकडे गेली आणि ब्रेंट तिला घेऊन मिनियापोलिसला राहायला गेला. आता उद्या सकाळी तिथल्या कोर्टात ठरायचं होतं की मॅरेनने उन्हाळ्याची सुट्टी आणि सणवार आईकडे काढायचे, की आईने महिन्यातून एकदा, तेही तिसऱ्या माणसाच्या देखत, भेटायचं.

"उद्या तुम्हाला एकच काम," वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं. "साध्या, चारचौघींसारख्या आईसारखं दिसायचं. बाकी मी बघते."

बर्थाविना ती विमानात चढू शकत नव्हती, आणि बर्थासकट कोणी तिला फोनवर टिपलं तर ब्रेंटच्या वकिलाला आयतंच कोलीत मिळणार होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घाटात बर्फ साचून रस्ते बंद झाले नसते तर बहिणीने तिला गाडीनेच पोचवलं असतं. आता बेत असा होता की मिनियापोलिसला उतरल्या उतरल्या बहिणीची मैत्रीण बाहेर ट्रक घेऊन उभी असेल, तिने बर्थाला आपल्या फार्मवर न्यायचं, आणि कोरीनने हॉटेलात जाऊन चारचौघींसारखं झोपायचं.

गेटवरच्या मुलीने बाबागाडीत डोकावून विचारलं, "मॅडम, ही कोंबडी आहे?"

"टर्की."

"जिवंत?"

बर्थाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मुलगी दोन पावलं मागे सरली. "शेजारच्या प्रवाशाची हरकत नसेल तरच हं," ती म्हणाली. कोरीनने मनात जेवढे देव ठाऊक होते तेवढे आळवले.

शेजारचा प्रवासी म्हणजे साठीचा, पोटाने सुखवस्तू असा माणूस होता, वेंडेल स्कार नावाचा, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी. तो आपणहून उठून उभा राहिला. "हरकत कसली? सासूबरोबर टेक्सासपर्यंत प्रवास केलाय मी. ही निदान बोलणार तरी नाही." आजूबाजूचे हसले. कोरीन खिडकीशी बसली, बर्थाला मांडीवर घेतलं, पट्टा मनगटाला गुंडाळला आणि टोपी आणखी खाली ओढली.

वेंडेल गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. "नोव्हेंबरच्या सणाला घरोघरी टर्की शिजते, त्यातून वाचली म्हणजे नशीबवान दिसते. काय खाते? मका? मग आमचंच गिऱ्हाईक! अहो बाई, विमानात अंडं घातलं तर ते कोणाचं, तुमचं का कंपनीचं?"

कोरीन नुसतं "हं" म्हणत होती. त्याचा राग येत होता, पण राग करायला लागणारं बळसुद्धा तिने श्वासासाठी राखून ठेवलं होतं.

डोंगरांवर विमान हादरायला लागलं. एकदा असं खाली गेलं की मागे कोणीतरी किंचाळलं. कोरीनच्या बोटांना मुंग्या आल्या, पुलावर आल्या होत्या तशाच. तिने दोन्ही हात बर्थाच्या पिसांत खुपसले, तोंडही खुपसलं, आणि त्या उबेत, धुळकट, दाण्याच्या वासात डोळे मिटून राहिली. बर्था हलली नाही. तिचं इवलंसं काळीज भराभर धडधडत होतं, पण घाबरलेलं नव्हतं. हळूहळू कोरीनचा श्वास परत आला.

तिने डोळे उघडले तर वेंडेल हात लांब करून स्वतःचा फोटो काढत होता. बर्थाची मान त्याच्या खांद्याशी आली होती आणि त्याचे सगळे दात दिसत होते.

"पुसून टाका!" कोरीन एवढ्या जोरात म्हणाली की बर्थाही दचकली.

"अहो, गंमत आहे. बायकोला पाठवतो, ती हसून हसून..."

"प्लीज. पुसा. माझी मुलगी जाईल माझ्या हातून."

वेंडेलचा हात खाली आला. मग कोरीनने कधी कोणा परक्याला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं, तुटक तुटक, बर्थाच्या डोक्यावरून: पूल, हॉर्न, ब्रेंट, उद्याची सकाळ. तिला वाटलं होतं आता हा काहीतरी टोमणा मारेल. त्याने फोन तिच्यासमोर धरला आणि तिच्या देखत फोटो पुसला.

 मग त्याने समोरच्या ट्रेवरची व्हिस्कीची रिकामी छोटी बाटली उचलून तिला दाखवली. खिशातून दुसरी काढली. "मी महिन्याला आठ वेळा विमानात बसतो. एकदाही शुद्धीत बसलो नाही. माझा पक्षी बाटलीतला आहे, एवढाच फरक." तो जरासा हसला. "माझा कोणी फोटो काढत नाही."

कोरीनला तो माणूस पहिल्यांदा नीट दिसला. घामाने त्याची कॉलर भिजली होती.

विमान उतरलं, चाकं टेकली, आणि सगळ्या विमानात फोन टणटण वाजू लागले. कोरीनच्या फोनवर ब्रेंटचा मेसेज होता. मॅरेन हट्टाला पेटली, उद्यापर्यंत थांबायला तयार नाही. आम्ही खाली बॅगांच्या पट्ट्यापाशी उभे आहोत.

तिने तो पुन्हा वाचला. एरवी असा मेसेज आला असता तर ती नाचली असती. पण आता खाली ब्रेंट, मांडीवर बर्था, आणि ट्रककडे जायचा रस्ता नेमका त्याच पट्ट्यावरून.

तेवढ्यात वेंडेलचा फोन वाजला. पलीकडची बाई इतकी मोठ्याने बोलत होती की कोरीनला सगळं ऐकू येत होतं. "वेंडेल, तुला वेड लागलंय का? टर्की? विमानात? माझी बहीण हसतेय, तुझा साहेब हसतोय, अख्खं गाव हसतंय! कुठून आणलीस?"

"मी?" वेंडेल म्हणाला. मग त्याची नजर पलीकडच्या रांगेतल्या हिरव्या केसांच्या पोरीकडे गेली. पोरगी फोनवर बोटं फिरवत स्वतःशीच हसत होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही फेमस झालात! तुम्ही फोटो काढत होता तेव्हा मीही एक काढला, आणि वरूनच टाकला, विमानाच्या इंटरनेटवरून. लाखभर लोकांनी बघितलं!"

तिने दाखवलेल्या फोटोत वेंडेल बत्तिशी दाखवत हसत होता आणि टर्कीची मान त्याच्या खांद्यावर होती. शेजारी कोरीन होती, पण टोपी ओढून पिसांत तोंड खुपसलेली. कोणीतरी सीटवर कोट टाकून ठेवलाय असं वाटत होतं. खाली लिहिलं होतं, ह्या माणसाने विमानात टर्की आणली आहे.

 वेंडेलच्या कानाशी बायको अजून ओरडत होती. त्याने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा कोरीनकडे.

"हो, आर्लीन," तो फोनमध्ये म्हणाला. "माझीच आहे. घरी आल्यावर सांगतो." त्याने फोन बंद केला आणि हात पुढे केला. "आण तो पट्टा."

"काय?"

"पट्टा, पोरी. तुझा नवरा खाली उभाय ना? मेसेज आला तेव्हा तुझ्या फोनवर नजर गेली माझी. तू माझ्या मागून ये, चांगलं अंतर ठेवून. बाहेर ट्रकपर्यंत मी नेतो हिला."

"तुम्हाला जन्मभर चिडवतील लोक."

"शेतकऱ्यांना बियाणं विकतो मी. पीक बुडालं की जे ऐकावं लागतं त्यापुढे हे काहीच नाही." पण हे म्हणताना त्याचे कान लाल झाले होते.

कोरीनने मनगटावरचा पट्टा सोडवला. ट्रकचा रंग सांगितला, बहिणीच्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. बर्था उचलली गेली तेव्हा मांडी अशी हलकी झाली की पाय आहेत की नाहीत कळेना.

चढताना जमा केलेली बाबागाडी विमानाच्या दारात परत मिळाली. पुढे वेंडेल, पोट सावरत, बाबागाडी ढकलत. लोक वाट सोडत होते, फोन काढत होते, आणि तो हिरव्या केसांच्या पोरीला म्हणत होता, "नीट काढ गं आता, माझी ही बाजू बरी दिसते." मागे कोरीन, रिकाम्या हातांनी.

अर्ध्या वाटेत तिच्या बोटांना मुंग्या आल्या. छाती आवळली. लांबलचक, चकचकीत मार्गिका तिला पुलासारखी दिसायला लागली. पुढून बर्थाची हाक आली, तीनदा, ताणलेली, चिरकी. कोरीन नजरेआड झाली की बर्था अशी हाक मारी आणि कोरीनने ओ दिली की गप्प होई. आज कोरीनने ओ दिली नाही. हात भिंतीवर टेकवला आणि भिंतीच्या आधाराने चालत राहिली. पाय थांबले तर संपलं, एवढंच तिला कळत होतं.

सरकत्या जिन्याच्या खालीच मॅरेन होती. जांभळा कोट, समोरचा एक दात पडलेला. ती धावत येऊन कोरीनच्या पोटावर आदळली. कोरीनने तिला असं कवटाळलं की "मम्मी, दुखतंय" असं आतून आलं. सहा वर्षांची झाली होती आणि केसांना कुठल्या तरी नव्या शाम्पूचा वास होता.

ब्रेंट फोन हातात घेऊन उभा होता. त्याने कोरीनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ही थरथरतेय का, रडतेय का, हे तो बघतोय हे तिला समजलं. ती ताठ उभी राहिली.

"तुझ्याच विमानात होता ना हा येडा?" त्याने हनुवटीने दाखवलं. बॅगांच्या पट्ट्यापाशी माणसांचं कोंडाळं होतं आणि मधोमध वेंडेल, बाहेर पडायला वाट शोधत. "असल्यांना चढू कसं देतात! डोकं ठिकाणावर नसलेली माणसं."

"होता," कोरीन म्हणाली. आणि मग ती हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली.

"मम्मी, तू जवळून बघितलीस?" मॅरेन टाचा उंचावून बघत होती. "किती मोठीये! नाव काय तिचं?"

"मला काय माहीत, बाळा. मी नाही विचारलं."

कोंडाळ्यात गलबला झाला. आवाज ओळखीचा होता. बर्था बाबागाडीत उभी राहिली होती, पट्टा ताणून, मान लांब करून, आणि सरळ इकडे तोंड करून हाका मारत होती, एकामागून एक. "गप गं बये, गप," वेंडेल तिला दाबून बसवायला बघत होता आणि ती बसत नव्हती. लोक हसत होते. फोन तिच्यावरून वळून, ती कुठे बघतेय ते शोधायला लागले.

"मम्मी," मॅरेन म्हणाली, "ती तुलाच बोलावतेय!"

लोकांबरोबर हसणाऱ्या ब्रेंटचं हसू थांबलं. तो बर्थाकडे बघत होता, मग कोरीनकडे.

कोरीनला वाटलं, आता एक पाऊल त्या बाजूला गेलं की सगळं थांबेल, बर्थाचं ओरडणं आणि आपली छातीही. इतकी ओढ तिला आयुष्यात कसलीच लागली नव्हती. तिने खाली वाकून मॅरेनच्या कोटाचं वरचं बटण लावलं, सावकाश, नीट लावलं.

"नाही गं," ती म्हणाली. "टर्की आहे ती. कोणालाही हाका मारते."

आणि मॅरेनचा हात धरून ती दाराकडे चालायला लागली. मागे बर्था ओरडतच होती.