रिकामा बर्फ

दार ढकलून वीब्रांट आत आला, आपलं चित्र बघितलं, आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. चारच दिवसांपूर्वी त्याने ही रंगवलेली लाकडी फळी शेगडीजवळ वाळत ठेवली होती. वर राखाडी आभाळ, खाली गोठलेली नदी, बर्फावर काळं कुत्रंही नाही. आता तिथे कुणी घसरत होतं, एक म्हातारा आपटला होता, आणि त्याच्याकडे बघून लाल झग्यातली बाई खिदळत होती.

"टुनिस! ही काय जत्रा भरवलीस?"

टुनिस कुंचले धूत होता. हॉलंडमधल्या हारलेम गावात अकरा वर्षं दोघांचं असंच चालत आलं होतं. वीब्रांटने आभाळ आणि बर्फ रंगवायचा, मग टुनिसने त्यात माणसं सोडायची. चित्रं खपतात ती माणसांमुळे, हे टुनिस येताजाता ऐकवायचा.

"अरे, बर्फ रिकामा होता. म्हटलं, माझ्या माणसांची वाट बघतोय."

"विचारायला तोंड नव्हतं?"

"अकरा वर्षांत कधी विचारलंय?"

"ते पवनचक्कीजवळचं वळण आहे, गाढवा! माझा सीवर्ट तिथे गेला!"

टुनिसचा चेहरा पडला. मागच्या हिवाळ्यात जळणाची घसरगाडी ओढताना बर्फ फुटला आणि वीब्रांटचा धाकटा भाऊ खाली गेला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"मला कसं कळणार? तुझी सगळी वळणं सारखीच दिसतात रे."

"आईसाठी काढलं होतं. वर्षभर नदीकडे बघितलं नाही तिने. एकदा तरी ती जागा तिला शांत दिसावी म्हणून! आणि तू तिथे बाई हसवतोस?"

वीब्रांटने टर्पेंटाईनमध्ये फडकं बुचकळलं.

"थांब, खालचा रंगही ओलाच आहे! थंडीत लवकर वाळत नाही, तूच सांगतोस ना?"

"मला शिकवू नकोस!"

हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण राग आवरेना. त्याने खसाखसा पुसायला घेतलं. खिदळणारी बाई गेली, म्हातारा गेला, आणि त्यांच्याबरोबर बर्फही गेला. ऐन वळणावर तळहाताएवढं काळपट भगदाड उघडं पडलं.

"दे इकडे," टुनिस हळूच म्हणाला. "मी बुजवतो."

"हात लावशील तर खबरदार!"

त्याला टुनिसला अजून शिव्या घालायच्या होत्या. पण ते भगदाड टुनिसने पाडलं नव्हतं.