पाद्रीबुवांचं सूर्यग्रहण

योब्स्ट मास्तरांना शाळेतून काढलं, ते एवढ्यासाठीच, की सूर्य मधोमध आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, असं त्यांनी पोरांना उघड शिकवलं. नुरेम्बर्गला चार वर्षांपूर्वी छापलेल्या एका जाडजूड पुस्तकात ते गणितासकट मांडलं होतं. पुस्तक विकायला बंदी नव्हती, शिकवायला होती. तक्रार केली आमच्या एल्मबाखच्या वेंडेलिन पाद्रीबुवांनी. भर चर्चमध्ये त्यांनी बिअरचा मग गरगरा फिरवला. पृथ्वी फिरत असती तर आपण असेच सांडलो असतो म्हणे! मग फिरवला यांनी, बिअर आमच्या अंगावर, आणि खोटा ठरला तो सूर्य.

नवरा गेल्यापासून छापखाना मीच चालवते. मास्तरांना मी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला ठेवून घेतलं. त्यांनी नव्या रीतीनं पुढच्या दहा वर्षांच्या ग्रहणांचं कोष्टक करून दिलं, ते आम्ही छापलं. माझ्याच हातून त्यात एक खिळा उलटा बसला, आणि पुढच्या वर्षीच्या सूर्यग्रहणाच्या वेळेत सहाचे नऊ झाले. शुद्धिपत्र काढलं, पण तोवर काही प्रती गेल्या होत्या.

नाताळच्या आधी बुवा नव्या वर्षाचं पंचांग छापायला घेऊन आले. आजाऱ्याचं रक्त कधी काढावं, केस कधी कापावेत, सगळं त्यात. सूर्यग्रहण, सकाळी नऊ. हे गणित कुणाचं, मी विचारलं. जुन्या रीतीचं, माझ्या हातचं, बुवा छातीवर हात ठेवून म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्या पोटावर पाय दिला, त्याच्याच कागदावरून चोरी!

मास्तर म्हणाले, दुरुस्त करू. मी म्हटलं, आहे तसं जाऊ द्या. बुवांचं पितळ उघडं पडलं की नगरसभा तुम्हाला शाळेत परत घेईल. त्या दिवशी ते दोनदा शाळेकडच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ग्रहणाच्या दिवशी नगरसभा नऊला चौकात जमली. लख्ख ऊन. ग्रहण सहालाच लागलं होतं, दूधवाल्या बायकांनी पाहिलंसुद्धा. बुवांना घाम फुटला आणि तोंडून निघून गेलं, "माझी काय चूक? त्या मास्तराच्या कोष्टकात नऊच छापलंय."

मी मास्तरांच्या हातात शुद्धिपत्र दिलं आणि त्यांना कोपरानं पुढे ढकललं.

नगराध्यक्षांनी दाढी कुरवाळली. "बुवांनी नुसतं उतरवून घेतलं. पृथ्वी फिरते हे मानलं कुठे? मास्तर तर मानतो."

सगळ्यांच्या माना डोलल्या. पंचांगाचं काम बुवांकडेच राहिलं. यापुढे शुद्धिपत्र बघून घ्या, एवढी ताकीद मिळाली. मास्तरांची शाळा गेली ती गेलीच.

बुवांचं पंचांग आता दरवर्षी मास्तरच जुळवतात. चुका राहू द्या की मेल्याच्या, मी ओरडते. ते ऐकत नाहीत.

"त्या वेळेला पोरं वर बघतील हो, बाई," म्हणतात, आणि खिळा सरळ करतात.