पिंटूच्या मनगट्या

आचलला सिकलसेल निघाला आणि डॉक्टरीणबाईंनी मला कामाला लावलं. पोरीचं दुखणं कधी सुरू झालं, वर्षातून कितीदा येतं, तान्ही असताना हातपाय सुजले होते का? पुष्कळ लेकरांत पहिली खूण तीच असते, म्हणाल्या. आठ वर्षांच्या पोरीचं तान्हेपण मला कुठलं आठवायला! आणि सुरेंद्रला विचारावं, तर आमच्या नवऱ्याला कालची भाजी आठवत नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात सलाईन लावून आचल झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी शेजारी बसून मोबाइल काढला. घेतला बचत गटाच्या कामासाठी. पण त्यात नोट्स लिहिता येतात हे कळल्यापासून रोज दोन ओळी लिहायची सवय लागली होती. सासूबाईंच्या चुगल्या करायला त्याहून चांगली जागा नव्हती. घरात दुसऱ्या कुणाला ते उघडता येत नसे.

दुखण्याच्या नोंदी शोधत मी मागे मागे गेले. 'तलावावर आजोबासोबत मासे धरून आली, पाय दुखतात म्हणते.' 'आज पुन्हा पाय. शाळा बुडवायची नाटकं.' नाटकं! माझं मलाच पुढे वाचवेना.

तरी वाचत राहिले, कारण दुसरी धास्ती पिंटूची होती. हा रोग आईबाप दोघांच्या रक्तातून येतो, म्हणून धाकट्यालाही तपासा, असं बाईंनी सांगितलं होतं. पिंटू दोन वर्षांचा, धडधाकट, घरभर धिंगाणा घालणारा. त्याले काय होते, असं सुरेंद्र म्हणाला आणि मीही तेच धरून बसले होते. एक तरी लेकरू सुटलं असेल.

मग ती नोंद आली. 'पिंटूचे हातपाय सुजले, सारखा रडतो. माझ्या माहेरून बारशाला आलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या काचल्या म्हणून सासूबाईंनी तोडून फेकल्या. पायातले वाळेही काढले. सूज उतरली. म्हातारीचं खरं निघालं, हे लिहायला जड जातं.'

ती नोंद मी दोनदा वाचली. सुरेंद्र चहा घेऊन आला, त्याला वाचून दाखवलं. तो चहा तसाच धरून उभा राहिला.

"पुसून टाक थे," तो म्हणाला.

"पुसल्यानं त्याच्या रक्तातून जाईन का?"

मला त्याचा राग आला आणि दयाही आली. मी घरी फोन लावला. सासूबाईंनी आधी आचलचं विचारलं, मग पिंटूनं कशी दोनदा खीर खाल्ली ते सांगत बसल्या. त्यांचं बोलणं तोडून मी म्हटलं, उद्या त्याला इकडे घेऊन या. ठणठणीत पोराला दवाखान्यात काऊन, असं त्या विचारतील म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं होतं.

त्यांनी विचारलंच नाही.

"त्याचे हात सुजले होते, तवाच मले भेव वाटलं होतं, मंजुषा," त्या म्हणाल्या. "सुरेंद्रच्या आधीचा माहा पोरगा गेला ना, त्याचेबी असेच सुजत. मनगट्या तं सैलच होत्या."