तिसरी शिट्टी झालेली आहे

मी कुकर बोलतोय. घाबरू नका, झाकण नीट लागलंय. पाच लिटरचा, बुडाला काळा, दांडा एकदा बदललेला आणि तोंडाने फटकळ. ज्याच्या पोटात रोज वाफ कोंडतात, तो गोड कुठून बोलणार?

माझा जन्म कारखान्यात झाला. बालपण म्हणाल तर दहा मिनिटांचं. एका चकतीला यंत्राने दाबून माझं पोट काढलं, घासूनपुसून चकचकीत केलं, पाण्यात बुडवून गळतोय का ते पाहिलं आणि खोक्यात कोंबलं. आईबाप नाहीत, त्यामुळे संस्कारही नाहीत. बोलण्यात काही कमीजास्त झालं तर कारखान्याला बोल लावा.

दुकानात मला निवडलं ते बाईंनी. बाई शाळेत शिकवायच्या. वर्गात पाऊल टाकलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "टाचणी पडली तरी मला ऐकू आली पाहिजे." पोरांनी त्यांचं नावच टाचणीबाई ठेवलं होतं आणि बाईंना ते मनातून आवडायचं. दुकानात त्यांनी फळीवरच्या सगळ्या कुकरना बोटाच्या पेरांनी ठोकलं, कान देऊन ऐकलं आणि मला उचललं. "हा द्या. याचा आवाज भरीव आहे." दुकानदार म्हणाला, "बाई, शिजवायला घेताय की वाजवायला?" इतके तिखट कान होते तेव्हा.

त्यांचे यजमान बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. आवाज असा, की विहिरीत तोंड घालून बोलतायत. घरातही साधं बोलणं माहीत नाही. आंघोळीला निघाले की, "प्रवासी न्हाणीघराकडे रवाना होत आहेत." मी मनातल्या मनात त्यांना स्टँडवाले म्हणायचो. माणूस भला, पण एकदा माझं झाकण लावायला गेले तर अर्धा तास कुस्ती करून शेवटी उलटं लावलं. त्यानंतर बाईंनी त्यांना ओट्यापाशी फिरकू दिलं नाही.

पुढे दोघंही निवृत्त झाले आणि बाईंच्या कानांनीही अर्धी निवृत्ती घेतली. जाड आवाज नीट ऐकू यायचा. बारीक, चिरका आवाज मात्र गायब. दाराची बेल, फोनची किणकिण, आणि मी. माझ्या शिट्टीने शेजारच्या इमारतीतलं मांजर दचकतं, आणि या बाई माझ्यासमोर उभ्या राहून निवांत कांदा चिरतायत. अपमान म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

स्टँडवाल्यांच्या ते पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं. पण टाचणीबाईंना "तुला ऐकू येत नाही" म्हणायची कुणाची छाती? दुसऱ्या दिवशी ते हॉलमधल्या खुर्चीत पेपरातलं कोडं घेऊन बसले आणि मी तोंड उघडल्याबरोबर त्यांनी पुकारा केला, "पहिली शिट्टी झालेली आहे." मग दुसरी. मग, "तिसरी शिट्टी झालेली आहे. संबंधितांनी गॅस बंद करावा."

बाई आतून डाफरल्या, "ऐकलं. बहिरी नाहीये मी."

"मी कुठे म्हटलं? मला आपली स्टँडची सवय."

मग रोज हेच. ते पुकारायचे, बाई डाफरायच्या. लेक सासरहून यायची तेव्हा कपाळाला हात लावून म्हणायची, "बाबांच्या डोक्यातून स्टँड काही जात नाही." दोघंही तिच्याकडे बघून गालात हसायची. या विषयावर त्या दोघांत एक शब्दही कधी झाला नाही. मला माहीत होतं, पण मला विचारतो कोण.

एका सकाळी भात लावला होता. पहिली पुकारली. दुसरी पुकारली. मी तिसरी मारली, हॉलमधून काही आलं नाही. बाई तिसरीची वाट बघत भाजी निवडत राहिल्या. मी चौथी मारली, पाचवी मारली, घसा फाटेपर्यंत ओरडलो. भात करपल्याचा वास आला तेव्हा त्या चिडून बाहेर गेल्या. "अहो, झोपलात की काय?" स्टँडवाले खुर्चीत होते, पेपर मांडीवर होता. एवढी वाईट सकाळ मी कुठल्याच चुलीवर पाहिली नाही.

सांत्वनाला माणसं आली. प्रत्येक जण म्हणाला, "काही लागलं तर हक्काने सांगा," आणि जाताना चहात साखर कमी होती हे जिन्यात एकमेकांना सांगत गेला. मग घर रिकामं झालं आणि खरी पंचाईत सुरू झाली. बाई दोन माणसांचा भात लावायच्या आणि उरलेला संध्याकाळी गरम करताना बडबडायच्या, "गेलात ते गेलात, तुमच्या वाटचंही मीच खायचं का?" बेल वाजवून वाजवून दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. भिंतीवरचा दिवा गेला तो गेलाच, कारण दिवे स्टँडवाल्यांच्या खात्यात होते.

आणि मी. बाईंनी पहिल्यांदा युक्ती केली. स्टूल घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि डोळ्यांनी शिट्ट्या मोजू लागल्या. पण वाफेने चष्मा धुरकटला. तो पुसता पुसता डोळे पुसू लागल्या, आणि मग मोजायचं राहूनच गेलं. माझं बूड जळून कोळसा झालं. पुढच्या आठवड्यात बटाटे लावून विसरल्या. आतलं पाणी आटलं, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि बटाट्याचा लगदा छताला चिकटला. तो धडाका मात्र त्यांना ऐकू आला. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनाही आला. त्यांनी लेकीला फोन केला.

लेक आली ती बॅग घेऊनच. छताकडे बघून म्हणाली, "आई, तू माझ्याकडे चल. इथलं सगळं आवरू या. तुझं लक्ष नाही राहिलंय आता."

बाईंनी एवढंच म्हणावं की लक्ष आहे, कान नाहीत. पण नाही. टाचणीबाई बहिऱ्या झाल्या म्हणून घ्यायचं नाही, त्यापेक्षा डोकं फिरलं म्हटलेलं चाललं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि ओट्यावरून हात फिरवत राहिल्या. लेकीच्या घरी विजेची चकचकीत भांडी आहेत. मी थेट भंगारात.

लेकीने आवराआवर काढली. जेवायला काहीतरी हवं म्हणून नवा व्हॉल्व्ह बसवून माझ्यात बटाटे लावले आणि गॅलरीत कपडे काढायला गेली. बाई स्टुलावर वर्तमानपत्रात कप गुंडाळत बसल्या. मी ठरवलं, आज आपली शेवटची संधी. काय ओरडलो म्हणून सांगू. लेक कपड्यांचा ढीग घेऊन दारात आली आणि थबकली. आई माझ्यापासून हातभर अंतरावर बसून शांतपणे कप गुंडाळत होती.

तिने गॅस बंद केला. "आई, शिट्टी झाली."

"ऐकलं. बहिरी नाहीये मी."

"किती झाल्या?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे बघून काही कळेना. "दोन," त्या म्हणाल्या.

"पाच झाल्या, आई."

बाईंनी कप खाली ठेवला. लेक हळूहळू हॉलमधल्या खुर्चीकडे वळली. "म्हणजे बाबा... मला वाटायचं त्यांना स्टँडची आठवण येते."

"कसली आठवण. वैतागले होते ते त्या स्टँडला. निवृत्त झाल्या दिवशी म्हणाले, आता जन्मात पुकारणार नाही." आणि मग टाचणीबाई रडल्या, चांगल्या मोठ्याने. "मी एकदासुद्धा बरं बोलले नाही गं त्यांना. रोज नुसती डाफरले."

लेकीने बॅग भिंतीला लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी दोघी कानाच्या डॉक्टरकडे गेल्या.

यंत्र कानात बसवून बाई घरी आल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मला गॅसवर चढवलं. स्वतः हॉलमध्ये स्टँडवाल्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मी मोठा श्वास घेतला आणि दिली ठेवून. बाई खुर्चीतून उडाल्या.

"अगं बाई, हा असं भोकाड पसरतो? आणि हा माणूस हे ऐकत इथे बसून रोज कोडी सोडवायचा?" हसता हसता त्यांना ठसका लागला. भरीव आवाजाचा म्हणून मला निवडलं होतं, आता भोगा.

लेक आपल्या घरी गेली. मी ओट्यावरच आहे. बूड घासून घासून पातळ झालंय, रिंग सैल झालीये, फार दिवस राहिलेत असं नाही. भंगारवाल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. विनंती एकच आहे, ती तुम्हाला. भाताच्या वेळेला या घरी आलात तर जरा दारातच थांबा. बाई खुर्चीत बसून तिसरी शिट्टी पुकारतात, संबंधितांनी गॅस बंद करावा म्हणतात, मग उठून आत येतात, गॅस बंद करतात आणि हॉलच्या दिशेने सांगतात, "ऐकली हो." तेवढं होऊ द्या, मग बेल वाजवा. दोघं बोलत असताना मध्ये शिरू नये.