दाजींचा गोड अर्क

ताईच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये दोन हजार ब्रॉयलर होते आणि एक दाजी. पक्ष्यांच्या वासाची चार दिवसांत सवय होते. दाजींच्या अर्काची होत नाही. पक्ष्यांचं वजन वाढावं म्हणून लसूण, ओवा आणि कसलासा कडू पाला उकळून ते पिंपात भरत. झाकण उघडलं की वाटे, कुणीतरी ओले मोजे फोडणीला टाकलेत.

निवृत्तीनंतर घरात त्यांना मिळालेलं हे एकमेव मानाचं काम, म्हणून मी नाक दाबून गप्प होतो. ताई मात्र हिशेबी. तिने शेडच्या मधोमध जाळी लावली. उजवीकडच्या पाइपात साधं पाणी, डावीकडच्या पाइपात अर्काचं. डावे पक्षी जास्त भरले, तर पुढची अख्खी बॅच दाजींची. नाहीतर पिंपासकट संशोधन शेडबाहेर.

अठ्ठाविसाव्या दिवशी वजनं केली. उजवीकडचा पक्षी दीड किलो, डावीकडचा जेमतेम एक. पिसं विस्कटलेली, डोळे खोल गेलेले. त्या सकाळी डावीकडे जमिनीवरच्या तुसात तेरा मेलेले निघाले, त्यातले दोन बाकीच्यांनी अर्धे टोचून खाल्लेले.

"डोस कमी पडतोय," दाजी म्हणाले.

"मेलेल्यांना की उरलेल्यांना?" ताईने विचारलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एक मेलेला पक्षी चिरला. "गेले काही दिवस पाणीच पुरेसं मिळालेलं नाही याला."

"अहो, पाइप चोवीस तास चालू असतो!" दाजी म्हणाले.

पक्षी चोचीने दाबून पाणी पितात, ते पाइपाचं एक निपल बाईंनी दाबलं. थेंब नाही. दुसरं. नाही. ताईने पाइपाच्या टोकाचं बूच काढलं, मी खाली बादली धरली. आधी काहीच आलं नाही. मग अंगठ्याएवढा जाड, तपकिरी, लिबलिबीत दोर सावकाश बाहेर आला, लोंबला आणि माझ्या मनगटावर विसावला. कोमट होता. निदान कोमट तरी नको होता.

बाईंनी वास घेतला. "यात गोड काय घालता?"

"गूळ. थोडासा. पिंपाला किलोभर."

"कशाला?"

"मी चाखून पाहिलं ना! घशाखाली उतरेना."

"कोंबड्यांनी तक्रार केली होती?" ताई म्हणाली.

"त्या गुळावरच जंतूंचा हा चिकटा पोसलाय," बाई म्हणाल्या.

दाजी एकदम उजळले. "म्हणजे अर्क नापास नाही! पक्ष्यांपर्यंत तो धड पोचलाच नाही!"

"पासही नाही," बाईंनी तोडलं. " लसूण-ओव्याने गुण येतही असेल. इथे फक्त गुळाची परीक्षा झाली."

तोवर ताई डाव्या बाजूला पसरट भांड्यांत पाणी ओतत होती. पक्षी एकमेकांना तुडवत त्यावर तुटून पडले. तिने ते पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढच्या बॅचला पुन्हा अर्धी शेड तुमची. गूळ नाही. आणि पाइप रोज तुम्ही साफ करायचा. ब्रश पोचणार नाही तिथे बोट. आत्तापासूनच."

दाजींनी बोट आत घातलं. फिरवलं. बाहेर काढलं. बोटामागून एक लांबलचक तार आली आणि तुटेचना.

"साधं पाणीही तसं वाईट नसतं हो," ते म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने पिंप दाराकडे ढकलू लागले.