एकच शिट्टी, तीनदा

टण्ण.

टाळ्या विरल्या होत्या, पुढचं गाणं सुरू व्हायचं होतं, आणि मधल्या शांततेत काहीतरी वाजलं. रेकॉर्डमध्ये की स्वयंपाकघरात? मी आधी ठकूकडे पाहिलं. चार वर्षांची माझी लेक पालथी झोपली होती, एक पाय भिंतीला टेकवून. हललीही नाही. दुपारचा हा दीड तास माझा. तो मोडला की संध्याकाळपर्यंत मीच रडवेली. खात्री करायला सुई उचलून जरा मागे ठेवली.

पुन्हा वाजलं नाही. चमचा होता, भांड्यांच्या जाळीतून घसरलेला. पण या वेळी टाळ्या नीट ऐकल्या. एक लांब शिट्टी, मागून एका बाईचं हसणं, मग कुणीतरी दोनदा खोकतं. हे चौथ्या गाण्याच्या शेवटी. दुसऱ्याच्या शेवटी लावून पाहिलं. शिट्टी, हसू, दोनदा खोकला. पाचव्यालाही तेच.

ही रेकॉर्ड आमच्या शहरात बाबांच्या वयाच्या सगळ्यांकडे असेल. कव्हरवर धुरकट स्टेज, चार पोरं, खाली ‘प्रत्यक्ष मैफल’ आणि तारीख. ती माझी जन्मतारीख. डावीकडचा, केसांनी तोंड झाकलेला गिटारवाला म्हणजे माझे बाबा. मी जन्मले तेव्हा ते दवाखान्यात नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी उगवले. “समोर हजार माणसं होती गं, सोडून कसा येणार?” हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. आई त्यावर शेवटपर्यंत धुमसत राहिली.

मी मात्र माफ केलं होतं, पाचव्या गाण्यातल्या सोलोपायी. बाबा त्यात अर्धा ठोका आधीच शिरतात. सरळसरळ चूक. पुढच्या फेरीला तीच चूक मुद्दाम करतात, आणि तिसऱ्या फेरीला ड्रमवालाच निमूटपणे त्यांच्याकडे सरकतो. वाटतं, गाणं पहिल्यापासून असंच होतं. मग एकच सूर असा ताणून धरतात की मी हातातलं काम विसरते. असं वाजवणाऱ्या माणसाला एक दिवस उशीर झाला तर झाला, अशी मी माझी समजूत घातली होती.

चार वाजता बाबा नेहमीसारखे ठकूला बागेत न्यायला आले. चष्म्याचं दुकान बंद केल्यापासून त्यांना हाच एक उद्योग. ठकू नुकतीच उठून माझ्या मांडीत लोळत होती. मी तिन्ही शिट्ट्या एकामागून एक ऐकवल्या, चौथ्या गाण्याची शेवटी, आणि रेकॉर्ड तशीच चालू ठेवली.

“कोण हो हा शिट्टीवाला?”

“हजार माणसांत कुणाला ओळखू?”

“तीनदा तशीच वाजवतो.”

“हौशी असेल बिचारा.”

“आणि खोकला?”

“सर्दी.”

एरवी मी हसले असते. बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. आयुष्यभर गिऱ्हाइकांना असं पुसू नका म्हणून दटावत आलेला माणूस.

“आईने सांगितलं होतं का तुला?” ते म्हणाले.

“काय सांगायचं होतं तिने?”

“लाइट गेली होती. दुसऱ्याच गाण्याला. साडेसातला हॉल रिकामा. हे सगळं नंतर वाजवलंय, महिन्याभराने, एका खोलीत. भिंतींना घोंगड्या लावून. टाळ्या कुठून तरी आणून चिकटवल्या.”

“मी सव्वानऊला झाले, बाबा.”

“हो.”

“हॉलपासून दवाखाना चालत दहा मिनिटं.”

“माहितीये.”

“मग सकाळपर्यंत?”

ते चष्मा पुसतच राहिले. काच कधीच लख्ख झाली होती. “येतच होतो,” म्हणाले. मग उठले, ठकूचे बूट दाराशीच होते तरी ते शोधायला आतल्या खोलीत गेले, आणि आतच थांबले.

प्लेअरवर पाचवं गाणं चालू होतं. सोलो आला. अर्धा ठोका आधी, तसाच. अजूनही तितकाच सुंदर, याचाच राग आला.

ठकूने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि अगदी हळू आवाजात, आजोबांना वाईट वाटू नये म्हणून, विचारलं, “आई, आजोबा हरवले होते का?”