तांदूळ धुतलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. भरली की जड होते, ओतली की हलकी. याहून जास्त मला काही वाटत नाही, तेव्हा रडगाणं ऐकायच्या तयारीने बसला असाल तर आताच सांगून ठेवते, माझ्याकडे ते मिळणार नाही. जे पाहिलं तेवढं सांगेन.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. पत्रा कापला, वळवला, सांधा ठोकला आणि पाणी भरून मला रात्रभर फळीवर ठेवलं. सकाळी फळी कोरडी होती, म्हणून मी विक्रीला लागले. एक नवी नवरी मला घरी घेऊन गेली. पुढे तिला सगळे काकू म्हणू लागले, म्हणून मीही म्हणते. तिचा नवरा बस चालवायचा. ते काका.

काकूंच्या घरात कुठल्याच वस्तूला सुखाने मरता येत नसे. चादर विरली की तिचे अभ्रे व्हायचे, अभ्रे फाटले की पुसायची फडकी. साबणाच्या चिपट्या जुन्या मोज्यात जायच्या आणि तो मोजा मोरीत हात धुवायला टांगलेला असायचा. माझं बूड दोनदा गळलं, दोनदा बदललं. शेजारीण म्हणायची, "अहो, नवी प्लास्टिकची घ्या की." काकू म्हणायच्या, "हिला काय धाड भरलीय?" माझं एवढंच काय ते कौतुक झालं.

पाण्याच्या बाबतीत तर त्या फारच कडक होत्या. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, कपडे शेवटचे खळबळलेलं पाणी फरशीला आणि फरशी पुसलेलं संडासात. झाड म्हणजे बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीतलं लिंबाचं झाड. लेक शाळेत असताना काकूंनी सरबताच्या लिंबातली बी मातीत खोचली होती, त्याचं ते झालं होतं. त्याला लिंबं बेताचीच यायची, पण काकू त्याचं पान चुरगळून वास घेतल्याशिवाय सकाळचा चहा घेत नसत.

उचलाउचल काकांकडे असायची. "आमचे हमाल, ही बादली झाडाला," काकू म्हणायच्या. "आणि हमाल, ही फरशीला." काका ओतून यायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. कुठलं पाणी कुठे जातं आणि का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. सांगणारी होती, मग विचारायचं कशाला?

मग एका सकाळी काकू उठल्याच नाहीत.

माणसं आली आणि गेली. लेक थोडे दिवस राहिली. वडिलांना पाणी उकळत बसायला नको म्हणून तिने ओट्यावर फिल्टर बसवून घेतला. त्यातून प्यायचं पाणी वरच्या तोटीला येतं आणि नको असलेलं एका बारीक नळीने बाहेर पडतं. ती नळी तिने माझ्यात सोडली.

"बाबा, हे पाणी खारं असतं. फरशीला वापरा, पण झाडाला घालू नका हं."

"हं," काका म्हणाले.

मी समोरच होते. त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या दिवसांत ते सगळ्यालाच हं म्हणत. जेवलात का? हं. झोप लागते का? हं. बोलणं त्यांच्यापर्यंत येत होतं, आत जात नव्हतं.

लेक गेली आणि घर गप्प झालं. गॅस पेटायचा तो चहापुरता. काका पाव खायचे, केळी खायचे, नाहीतर तेही राहून जायचं. पण रोज सकाळी मी नळीखाली भरले की ते मला उचलायचे आणि झाडाच्या मुळाशी ओतायचे. थेंबही फुकट घालवला नाही. काकूंमागे ते एवढं एकच काम नेमाने करत होते. ओतताना मात्र त्यांची नजर समोरच्या भिंतीवर असायची.

झाडाच्या पानांच्या कडा करपल्या. मग पानं गळू लागली. काकांना वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून ते मला संध्याकाळीही नेऊ लागले आणि झाड आगीतून फुफाट्यात पडलं. माझ्या आत पांढरा थर चढला, तसाच कुंडीतल्या मातीवरही. मला तोंड आहे, पण ते बोलायच्या कामाचं नाही.

एका सकाळी मला कुंडीशी टेकवून काकांनी चहाआधी झाडाचं पान तोडायला हात पुढे केला. काकू घ्यायच्या तसा वास घ्यायचा असेल. हात लावताच जवळची तीन-चार पानं गळून माझ्यात पडली. ती काढायला ते वाकले आणि तेव्हा त्यांना तो पांढरा थर दिसला. त्यावरून बोट फिरवून त्यांनी जिभेला लावलं. मग ओंजळभर पाणी चाखलं. ते मचूळ होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला. एरवी तीच लावायची.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"तुझी आई झाडाला कुठलं पाणी घालायची गं?"

"डाळ-तांदूळ धुतलेलं. का? तुम्ही कुठलं घालताय?"

"फिल्टरचं."

"अहो बाबा, ते फरशीला सांगितलं होतं ना मी."

"ऐकलं नव्हतं मी," काका म्हणाले. "तिचं झाड मीच मारलं गं."

लेक म्हणाली, "आधी नळाचं साधं पाणी घाला, भरपूर. कुंडीच्या खालून वाहून जाऊ द्या. खार धुऊन निघेल."

"एवढं पाणी वाहून जाऊ देऊ? तुझ्या आईला चाललं असतं?"

"झाडासाठी चाललं असतं. आणि मग रोज तांदळाचं पाणी घालत जा." मग तिने विचारलं, "बाबा, तुम्ही भात करता ना?"

या वेळी काका हं म्हणाले नाहीत. "नाही," म्हणाले.

त्यांनी मला घासून लख्ख केलं. नळाचं पाणी भरभरून ते कुंडीत ओतत राहिले. कुंडीखाली परात सरकवली होती. तिच्यात गढूळ पाणी आलं, त्याने त्यांनी सगळ्या घराची फरशी पुसली. काकू गेल्यापासून ती पहिल्यांदाच पुसली जात होती.

मग त्यांनी तांदळाचा डबा शोधला. मूठभर तांदूळ घेतले, धुतले आणि पाणी माझ्यात ओतलं. माझं बूडही जेमतेम झाकलं. धुतलेले तांदूळ घेऊन ते ओट्यापाशी उभे राहिले. फेकून कसे देणार? या घरात तांदूळ फेकत नाहीत. म्हणून शिजवले. शिजवलेला भात तरी फेकून कसा देणार? म्हणून ताट घेतलं आणि बसले. भात कच्चट राहिला होता. खाताना काका रडत होते, पण त्यांनी ताटात शीत ठेवलं नाही.

मित्रांनो, जुनी बादली फेकू नका, पाणी जपून वापरा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्या घरात 'हे इथे ओत, ते तिथे ओत' असं सांगणारं कोणीतरी असेल. त्या माणसाला एकदा 'का' म्हणून विचारा. ते घरात आहे तोवर विचारा. आणि पाणी ओताल तेव्हा झाडाकडे बघा.

झाड जगेल की नाही, ते मला सांगता येत नाही. शेंड्याला थोडी पानं उरली आहेत. मूठभर तांदळाच्या पाण्याने एवढी कुंडी भिजत नाही. म्हणून आज काकांनी दोन मुठी घेतल्या.